अठ्ठेचाळीस चुटक्या

हे मी आजवर कुणापुढं बोललेले नाही. भावापुढं नाही, वर्गातल्या बायकांपुढं नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा भराभर दुसरंच काहीतरी मागून घेते — मध्ये गप्प राहिलं तर हे वर येईल, ही भीती. मग आज का सांगते? ठाऊक नाही. तुम्ही समोर नाही, तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढं एक बरं वाटतं. समोरच्याची नजर नसली की माझ्या हातून बरंच काही होतं. ते पुढं येईलच.

मी मालन. माहेर आटपाडीच्या अलीकडं, एक छोटं गाव. आठवीत शाळा सुटली. कुणी सोडवली नाही, मीच सोडली — गणिताच्या तासाला घाम फुटायचा, छाती धडधडायची. एक दिवस दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. मग शिवणाचा क्लास धरला, सोडला. उपास धरले, मोडले. मालनच्या हातून काही शेवटाला जात नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. मलाही.

आमच्याकडची माणसं गलाईच्या कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, देशभर पांगलेली. नवरा चेन्नईत होता म्हणून मी चेन्नईत आले. तीन वर्षांनी त्याचं दुकान बंद पडलं. तो केरळात गेला, जम बसला की बोलावतो म्हणाला. आधी त्याचे फोन यायचे, मग मी करायचे, मग नंबरच लागेना. गावी परत जायचं तर काय तोंडानं? हेही शेवटाला गेलं नाही, असंच ना म्हणणार सगळे? चेन्नईतच, तिरुवल्लिकेणीत एका खानावळीत भाजी चिरायचं काम मिळालं. रात्री तिथंच, मागच्या बाजूला तांदळाच्या पोत्यांशेजारी अंग टाकायचं. दाराला कडी नव्हती. कुणी काही केलं नाही कधी — पण कडी नव्हती. मी झोपेत नखं खायचे.

अक्का तिथंच भेटल्या. भाजीच्या गाडीपाशी मी स्वतःशीच पुटपुटत होते, कोथिंबीर शिळी आहे असलं काहीतरी, आणि पाठीमागून आवाज आला, "अगे, तूं कोणाची?"

मी दचकले. मराठीच होती ती. पण कुठल्या काळातली? शब्द आपले आणि चाल तमिळ. कुणी फार पूर्वी गेलेलं माणूस बोलावं तसं वाटलं मला, भर सकाळी, गर्दीत. वळून पाहिलं तर बारीक हिरव्या काठाचं पांढरं पातळ नेसलेली एक ताठ म्हातारी. तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नाव कावेरीबाई, पण सगळी गल्ली अक्का म्हणायची.

त्यांच्या घराच्या पुढच्या हॉलमध्ये बायकांचा योगाचा वर्ग चालायचा. मागं एक खोली रिकामी होती. ती त्यांनी मला दिली. घरकाम, स्वयंपाकाला हात लावायचा, आणि वर्गात बसायचं — हे मात्र सक्तीचं. त्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण गजांवर बोट फिरवलं की मीठ लागतं. दाराला आतून कडी होती. पहिल्या रात्री मी ती तीन वेळा लावून पाहिली.

आसनं त्यांनी कितीतरी दिवस शिकवलीच नाहीत. रोज साडेपाचला या चटईवर येऊन बैस, म्हणाल्या. बसायचं, बाकी काही नाही. चाळीस दिवस. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून. मी नवव्या दिवशी चुकले. रागावतील म्हणून मी उगाच भांडी घासत बसले. त्या नुसत्या म्हणाल्या, "सरी. आज एक." सरी म्हणजे ठीक. सतराव्या दिवशी परत चुकले. "सरी. आज एक." ना टोमणा, ना उपदेश. तिसऱ्या खेपेला मी चाळीस गाठले. त्या दिवशी त्यांनी रवा केसरी केला आणि पहिला घास माझ्या हातावर ठेवला. तुम्हाला हसू येईल — चाळीस दिवस एका जागी बसण्याचं काय कौतुक? पण माझ्या आयुष्यात शेवटाला गेलेली ती पहिली गोष्ट होती. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. छातीतली धडधड त्या वर्षी कमी झाली. नखं वाढली.

मग श्वास शिकवला, मग आसनं. आणि सगळ्याच्या आधीचं म्हणून यम-नियम. बायकांना कमरेचं दुखणं घालवायचं असायचं, त्या कंटाळायच्या. अक्का सोडायच्या नाहीत. पाय वळवण्याआधी जीभ वळवा, म्हणायच्या — आधी सत्य, मग बाकीचं. एकदा मी विचारलं, तप म्हणजे उन्हात उभं राहतात तेच ना? त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"कोणी पाहत नाहीं तेव्हां तूं जें करतेस, तें तुझें तप. बाकी सगळें दाखवणें."

मी "न्हाई कळलं" म्हटलं. त्या माझ्या न्हाईला नेहमी हसायच्या. तुमच्या गांवात अक्षरें महाग आहेत काय गे, म्हणायच्या. त्या दिवशीही हसल्या. त्यामुळं ते वाक्य तेवढ्यावर राहिलं. म्हणजे मला वाटलं राहिलं.

आता मोजण्याचं सांगते. हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अक्का रोज वर्गाच्या आधी श्वास रोखून बसायच्या. आत घ्यायचा, धरायचा, सोडायचा — एकदाच, पण पुरता. त्या काळात कुणीतरी मोजायचं. घड्याळ नाही. घड्याळाला माझा श्वास ठाऊक नाहीं, म्हणायच्या. मोजायची त्यांच्याकडची जुनी रीत अशी: समोर मांडी घालून बसायचं, उजवा तळवा आपल्या गुडघ्याभोवती पुरा फिरवायचा — वाटीवरून बाहेर, खालून आत, परत वर — आणि एक चुटकी वाजवायची. ती झाली एक मात्रा. घाई नाही, रेंगाळणं नाही. शेवटच्या चुटकीनंतर श्वास सुटला की मोजणाऱ्यानं आकडा सांगायचा, अक्का "पोदुम" म्हणायच्या, म्हणजे पुरे, आणि डोळे उघडायच्या. नवरा होता तोवर तो मोजायचा, तीस वर्षं. तो गेल्यावर त्या मोजल्याशिवायच बसत होत्या, कारण आपला आपण आकडा मोजला की मन आकड्यामागं पळतं. मग मी आले.

एक महिना त्यांनी उघड्या डोळ्यांनी माझा हात पाहिला. वर्तुळ लहान झालं की मनगट धरून फिरवायच्या. महिना झाल्यावर म्हणाल्या, आतां मी डोळे मिटतें. आणि मिटले. त्यांचा श्वास माझ्या हातावर सोडून.

रोज अठ्ठेचाळीस. तीन वर्षं जवळपास रोज अठ्ठेचाळीस.

तुम्ही कधी श्वास न घेणाऱ्या माणसासमोर बसला आहात? सकाळी साडेपाचचा उजेड, खिडकीतून येणारं राखाडी. समोर एक बाई ताठ बसलेली, आणि तिच्यात काहीच हलत नाही. नाकपुडी नाही, खांदा नाही. एकदा एक मुंगी त्यांच्या अंगठ्यावर चढली, घोट्यापर्यंत गेली, थांबली, परत खाली आली — दगडावरून उतरावी तशी. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आज सुटणार नाही. आज या परत येणार नाहीत. घरात फक्त माझी चुटकी. मग आतून कुठून तरी सावकाश श्वास सुटायचा आणि मीही सोडायचे. तेव्हा कळायचं, मीसुद्धा धरून बसले होते.

चौथ्या वर्षी नवरात्रानंतर अक्कांना चक्कर आली. बोम्मई कोलूच्या, नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या, बाहुल्या पेटीत ठेवताना भिंत धरून खाली बसल्या. त्यांचा पुतण्या, रघुअण्णा, शहराबाहेर आवडी नावाच्या गावी सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. पन्नाशीचा, भला माणूस. तो लोकल पकडून त्याच दिवशी आला. हृदयाची तपासणी करू, हे घर बंद करू, आवडीला माझ्याकडं चल, म्हणाला. अक्का ऐकेनात. तासभर घासाघीस झाली, अर्धी तमिळमध्ये. शेवटी अक्कांनीच तोड काढली.

"छत्तिसाच्या खालीं आले तर तूं नेशील तेथें येईन. दवाखाना म्हण, आवडी म्हण. वर आहे तोंवर मज हात लावूं नको."

रघुअण्णा माझ्याकडं वळला. "मालन, मोजता तुम्हीच ना? मग मला तुम्ही सांगायचं. तिचं मी ऐकणार नाही. ती स्वतःवर फार खूश असते."

अक्का म्हणाल्या, सांगेल, ती खोटें बोलत नाहीं, तिला मी शिकवलें आहे. आणि सगळे हसले. मीही.

रघुअण्णा दर रविवारी फोन करायचा. किती? अठ्ठेचाळीस. देवाची कृपा, म्हणायचा, आणि तुमचीही. माझे आभार मानल्याशिवाय त्यानं एकदाही फोन ठेवला नाही.

मार्गळी महिन्यात, पहाटे दारात रांगोळ्या पडतात त्या दिवसांत, एकदा चव्वेचाळिसाला श्वास सुटला. थंडी आहे, अक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बेचाळीस. त्या दिवशी त्या चहाला नको म्हणाल्या आणि बराच वेळ चटईवर बोट फिरवत बसल्या. तिसऱ्या दिवशी मी —

थांबा. एकदम सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, श्वास भरला, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. कानाची पाळी बारीक थरथरत होती. ती आधी कधी थरथरली नव्हती. मला वाटलं, कालच्यासारखं तोंड करून बसल्या तर? वाईट वाटलं मला. खरंच वाटलं. आणि माझा तळवा गुडघ्याच्या खालून जाण्याऐवजी वरूनच वळला. किती? दोन बोटांचं अंतर असेल. वर्तुळ लहान झालं आणि चुटकी जरा लवकर आली. पुढचीही तशीच. त्यांचा श्वास सुटला तेव्हा अठ्ठेचाळीस झाल्या होत्या.

अक्का हसल्या. चहा मागून घेतला.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, नुसता आकडाच फुगवून सांगायचा. ते मी क्षणभर मनात आणलं होतं. पण त्या मोजत नसल्या तरी तीस वर्षांचा कान होता. बेचाळीस चुटक्या आणि अठ्ठेचाळीस चुटक्या यातला फरक त्या कानाला कळला असता. शिवाय — हे सांगताना लाज वाटते — मला खोटं बोलायचं नव्हतं. मी आकडा कधीच खोटा सांगितला नाही. जेवढ्या वाजल्या तेवढ्याच सांगितल्या. अठ्ठेचाळीस चुटक्या रोज खरंच वाजल्या. सत्य मी असं पाळलं.

पोंगलपर्यंत तळवा गुडघ्याच्या वाटीवरच फिरू लागला होता. एका दिवसात नाही, कणाकणानं, म्हणून कानाला कळलं नाही. आणि यासाठी काय लागतं माहीत आहे? तीच एकाग्रता. वर्तुळ आज कालच्यापेक्षा किंचित लहान, पण सबंध वेळ एकसारखं. मध्ये एक चुटकी जरी मागंपुढं झाली तरी कान उभा राहील. घाम नाही, धडधड नाही, मन एका जागी. मी एक दिवस चुकवला नाही. अंगात ताप होता त्या दिवशीही साडेपाचला चटईवर हजर. जिच्या हातून काही शेवटाला जात नव्हतं, ती मालन. अक्कांनी जे जे दिलं ते सगळं मी यात घातलं.

आणि मला कळत नव्हतं असंही नाही. त्यांची नखं जांभळट दिसू लागली होती. जिना चढताना मध्ये थांबून त्या उगाच कोनाड्यातल्या पणतीची वात सारखी करायच्या. पाय सुजायचे, पैंजण घातल्यासारखा वळ उठायचा. मी ते पाय रोज संध्याकाळी चेपत होते. मला माहीत नसेल कसं?

एका सकाळी मी दोन्ही हात वापरले. उजव्या गुडघ्यावर लहान वर्तुळ, चुटकी, आवाज — तो त्यांच्यासाठी. डाव्या गुडघ्यावर मोठं, पुरं, त्यांनी मनगट धरून शिकवलं होतं तसं, चुटकीशिवाय. तो माझ्यासाठी. दोन हात दोन चालींनी फिरवणं सोपं नाही, करून पाहा. मला जमलं. डोळे मिटलेल्या त्या बाईसमोर माझे दोन हात दोन वेगळ्या बायकांचे असल्यासारखे फिरत होते आणि मी त्यांच्याकडं पाहत होते. मला ते आवडलं नाही. पण मी थांबलेही नाही. उजवा अठ्ठेचाळिसाला पोचला. डावा एकतिसाला.

छत्तिसाच्या खाली.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी रविवार, फोन आला. किती, मालन? या वेळी दया बिया काही नव्हती, मी सगळं ओळखून उभी होते. एकतीस म्हटलं असतं तर सोमवारी तो टॅक्सी घेऊन आला असता. अक्का आवडीला. घराला कुलूप. मी कुठं? खिडकीचे गज, खारट बोट, आतली कडी — हे सगळं त्या एका शब्दात जाणार होतं. रघुअण्णानं मलाही नेलं असतं का? नेलं असतं कदाचित. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं.

देवाची कृपा, तो म्हणाला. आणि तुमचीही.

त्यानंतर मी डावा हात रोज वापरू लागले. का? कुणाला सांगायचं नव्हतं तर खरं मोजायचं कशाला?  अठ्ठावीस. सव्वीस. होळी गेली तेव्हा बावीस. बाविसावर एकदा अक्का डोळे न उघडताच म्हणाल्या, तुझा हात हलका झाला आहे गे. ती स्तुती होती? मला आजही ठरवता येत नाही. मी "हो अक्का" म्हटलं. 

चित्तिरै लागला, ऊन वाढलं. एका सकाळी एकतिसाव्या चुटकीला — लहान चुटकीला — श्वास सुटला नाही, तुटला. अक्कांनी एक हात वर उचलला, जणू वर्गात कुणाला थांब म्हणतायत, आणि तशाच, मांडी न मोडता, सावकाश डाव्या कुशीवर कलंडल्या. माझा हात तेव्हाही फिरत होता. मी आणखी दोन चुटक्या वाजवल्या. त्या पडलेल्या असताना. हे सांगायला नको होतं, पण घडलं ते असं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रघुअण्णाला बाजूला घेतलं. मी शेजारीच होते. हृदय कित्येक महिन्यांपासून थकत आलंय, म्हणाल्या, फुप्फुसांभोवती पाणी आहे. श्वास हळूहळू कमी होत गेला असणार, हिवाळ्यात आणलं असतंत तर पुष्कळ करता आलं असतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?

"नाही, डॉक्टर," रघुअण्णा म्हणाला. "रोज मोजत होतो आम्ही."

आम्ही, म्हणाला तो. त्यानं स्वतःला त्यात घेतलं. मी भिंतीवरच्या हात धुण्याच्या पाटीकडं पाहत राहिले. तमिळ मला वाचता येतं, अक्कांनीच शिकवलं. ती पाटी मी चार-पाच वेळा वाचली.

सातव्या दिवशी अक्कांना जरा शुद्ध आली. तोंडावर प्राणवायूचा मास्क. बोलता येत नव्हतं. पण चादरीवरून त्यांचा तळवा गुडघ्याकडं सरकला आणि थोडा फिरला. रघुअण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोजायला सांगतेय. मालन, मोजा ना. तेवढाच धीर येईल तिला."

मी स्टूल ओढलं. हात गुडघ्यावर ठेवला. आणि अक्कांनी डोळे उघडले.

इतकी वर्षं मोजताना ते डोळे मिटलेले होते. आता ते उघडे होते, आणि माझ्या चेहऱ्याकडं नाही, माझ्या हाताकडं लागले होते. मी ठरवलं — मोठं वर्तुळ करायचं. वाटीवरून बाहेर, खालून आत. मला येत होतं ते. पण तळवा वाटीवरच वळला आणि परत आला. चुटकी. मी पुन्हा जोर लावला. हात ऐकेना. शंभराच्या वर सकाळींचा अभ्यास होता त्याला. पुन्हा तेच, लहान, भरभर, एकसारखं. चुटकी. चुटकी. तो हात माझा आहे असं मला वाटेना, आणि तो थांबवायचा कसा तेही कळेना. अक्का पाहत होत्या. आठेक झाल्या असतील. त्यांनी दोन बोटांनी मास्क उचलला.

"पोदुम," म्हणाल्या.

रघुअण्णाला वाटलं, दमल्या. त्यानं चादर सारखी केली. अक्कांनी डोळे मिटले नाहीत. त्या छताकडं पाहू लागल्या. पुढं दोन दिवस होत्या, शुद्धीत होत्या, रघुअण्णाशी खुणांनी बोलल्या. मी जवळ गेले की पाणी माझ्या हातचं घ्यायच्या. राग नाही, काही नाही. पण मोजायला पुन्हा सांगितलं नाही. नवव्या दिवशी गेल्या.

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगू शकले असते. दोन दिवस होते. माणसं जा-ये करत होती, खरंय — पण मधल्या वेळात मी एकटी असायचे. मी त्यांचे केस विंचरले. सांगितलं नाही.

तेराव्यानंतर रघुअण्णानं मला पुढ्यात बसवलं. घर विकणार नाही, म्हणाला. वर्ग बंद पडू देऊ नका, तिला ते आवडलं नसतं. खोली तुमचीच आहे, हवं तर पुढची मोठी घ्या. मी म्हटलं, मागचीच बरी.

म्हणजे ज्यासाठी केलं ते मिळालं. पुरतं मिळालं.

आता वर्ग मी घेते. तीस-एक बायका येतात. बँकेत काम करणारी विजया म्हणते, मालनअक्का, शहरातली सगळी घड्याळं बंद पडली तरी तुमच्यावर वेळ लावावी. मला अक्का म्हणतात आता. मन उचल खात नाही, उठवत नाही, नेम टिकत नाही, अशा तक्रारी घेऊन येतात, आणि मी त्यांना चाळीस दिवसांचं सांगते. चुकल्या तर रागावत नाही. "सरी. आज एक," म्हणते. त्यातल्या कितीजणींचं आयुष्य खरंच मार्गी लागलंय. यम-नियमही शिकवते. सत्याचं सांगताना आवाज कापत नाही माझा. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

मोजायचंही शिकवावं लागलं, त्यांनी आग्रह धरला. मी मोठं वर्तुळ दाखवायला बसले आणि नाही जमलं. तेव्हा त्या जे पाहिलं ते शिकल्या. सकाळी डोळे मिटून तीस बायका बसतात, तीस तळवे गुडघ्यांच्या वाट्यांवर फिरतात, लहान, भरभर, आणि हॉलभर एकदम चुटकी वाजते. एकीचीही मागंपुढं नाही. माझा श्वास, असं विजया अभिमानानं सांगते, साठपर्यंत पोचला. मी शाबास म्हणते. त्यांतल्या कुणाला उद्या छातीत काही झालं तर ते या मोजण्यात दिसणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मी रोज मोजते. खरं माप दाखवायला रघुअण्णाच्या माहितीत जुनी रीत जाणणारं कुणी असेलही. मी विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात अक्कांची वर्षतिथी झाली. रघुअण्णा बायकोला घेऊन आला, माझ्यासाठी पातळ आणलं, पांढरं, हिरव्या काठाचं. सगळ्यांसमोर म्हणाला, तुम्ही होता म्हणून तिचा नेम शेवटच्या दिवसापर्यंत चुकला नाही. बायका डोळे पुसत होत्या. त्याला आत बोलावून सांगता आलं असतं. मागची खोली रिकामी होती, दाराला कडी आहे.

मी पातळ दोन्ही हातांनी घेतलं. त्याच्या पाया पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच नेसून वर्गात बसले.